मोटार रिवाइंडिंगला आणि कांदा भिजलेला

"पान्याची मोटार चाकणला रिवाइंडिंगला पडलीय, आन् तुमचं मशीन म्हनतंय रान भिजलंय! कुनी भिजवलं? तुमच्या वायरनं?"

दत्ताभाऊ फोनवर ओरडत होते. रावेतला माझ्या गॅलरीतली कबुतरं उडाली... आणि फोन स्पीकरवर नव्हता!

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौदा वर्षं चाकणच्या एका कंपनीत कॅलिब्रेशनला काढली. माझ्यासमोर वजनकाटेसुद्धा खोटं बोलायला घाबरायचे. माझ्या बोलण्यातलं निम्मं खुशाल सोडून द्या — पण आकडे सोडू नका. आकड्यांत मी थापा मारत नाही.

नोकरी सोडून मी मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर बनवायला लागलो होतो. पहिली ट्रायल कुरुळीत, दत्ताभाऊंच्या कांद्यात. एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला कंटेनरचं पार्किंग, मधे आठ वाफे. वाफ्याला एक सेन्सर, वीतभर खोल. भोवती हवा राहिली की आकडा गेलाच, म्हणून त्याच मातीचा चिखल कालवून एकेक असा बसवला होता, जसं बाळंतिणीचं पोर दुपट्यात गुंडाळावं. शनिवारी गावातले तीस शेतकरी बघायला येणार होते. दत्ताभाऊ 'बरोबर' म्हणाले तर तीस रानांचं काम. 'खोटं' म्हणाले तर मी परत फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये!

पोचलो. वरून माती पांढरीफट्ट, पाटात थेंब नाही. शेडमध्ये मोटारीची जागा रिकामी, खुंटीला तात्यांचं फावडं. तात्या म्हणजे दत्ताभाऊंचे वडील. चाळीस वर्षं या रानाला पाणी त्यांनीच दिलं; मुलगा कंपनीत शिफ्टला, म्हणून अगदी शेवटपर्यंत. गेल्या वर्षी वारले.

"काढून न्या राव," दत्ताभाऊ म्हणाले. "शनवारी लोकांफुडं शोभा नको."

"भाऊ, मशीन खोटं निघालं तर शनिवारी सगळ्यांसमोर मिशी काढतो!"

"तुमाला मिशी हाय कुठं?"

असो. खरा निकाल ओव्हन देतो. माती ओली तोलायची, एकशे पाच डिग्रीला चोवीस तास वाळवायची, पुन्हा तोलायची — कमी भरलं ते पाणी. आठ वाफ्यांची माती आठ डब्यांत घेतली आणि घरच्या ओव्हनमध्ये लावली.

"अकरा वर्षांत कधी केक नाही केलात," बायको म्हणाली, "आणि आता कुरुळी भाजताय."

दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला. सेन्सर एकतीस टक्के, ओव्हन एकतीस टक्के. आठही वाफ्यांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. मी असा ओरडलो की वॉचमन चार मजले चढून वर आला. मशीन खरं! आणि मग डोक्यात प्रकाश पडला... मशीन खरं, तर पाणी कुठलं?

कंपनीची पाइपलाइन गळत असेल म्हणावं, तर ओल भिंतीकडून पसरत आली असती. ग्राफमध्ये रोज बाराच्या सुमाराला आकडे चढत होते. गुरुवारी मी अकरालाच बांधावर जाऊन बसलो, मोबाइल हातात.

कंपनीचा भोंगा झाला. पहिला वाफा — सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. थांबला. मग दुसरा. मग तिसरा. एका वाफ्याचं तोंड बुजवून पुढच्याचं उघडावं, अगदी तसं. मी चौथ्यात मनगटापर्यंत हात खुपसला. वर कोरडं... खाली गार, ओलं. आसपास चिटपाखरू नाही.

पाचवा भरला — आणि बंद. सहावा हलेना. पाच मिनिटं, दहा, पंधरा. म्हटलं गेली बॅटरी! कनेक्शनं तपासली, ठणठणीत. वीस मिनिटांनी सहावा आपोआप चढायला लागला. मागचे ग्राफ काढले. रोज तेच. पाचव्यानंतर वीस मिनिटं सपाट रेघ, मग पुढचे तीन.

आकडे नोंदवणारा लॉगर बदलून पाहिला, फरक नाही. पुढे मोटार दुरुस्त होऊन आली आणि त्या दिवसापासून हे सगळं थांबलं. मला अजून याचा उलगडा झालेला नाही — आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

पण मोटार यायच्या आधी शनिवार आला. तीस माणसं शेडमध्ये, लॅपटॉपवर ग्राफ. ओव्हनचे आकडे सांगितले, माना डोलल्या. तेवढ्यात मागून एकानं बोट दाखवलं, "ह्ये मधी सपाट काय हाय? बंद पडतंय व्हय मशीन?"

दत्ताभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी ती सपाट रेघ स्क्रीनवर मोठी केली. मोठी झाल्यावरही सपाटच!

आक्का, म्हणजे दत्ताभाऊंच्या आई, चहाची किटली घेऊन फिरत होत्या. त्या थांबल्या. स्क्रीनकडे बघितलं.

"किती येळ सपाट?"

"वीस मिनिटं, आक्का. पाचवा वाफा भरला की."

त्यांनी पुढच्या कपात चहा ओतला.

"बंद न्हाई पडत. पाचवा वाफा झाला की त्ये तंबाखू मळायला बसायचे."