आईची धड साडी

मिठागरात उभं राहून राहून बाबांचे पाय फुटले. जखमा भरेनात, काम सुटलं आणि आई वसई पूर्वेला एका गाळ्यात शर्टांचे धागे कापायला जाऊ लागली. नायगावला खाडीच्या अंगाला आमची एक खोली. पेजेवर दिवस निघायचे. शिवणीतून सुटलेली टोकं दिवसभर कापून आई घरी यायची, तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा कापसाचं तूस असायचं. साड्या दोनच. एक अंगावर, एक दोरीवर.

मी कॉलेजात गेले, मराठी घेतलं. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता, 'कामगारांच्या साहित्यातले कपडे'. वाचलं त्यात जिकडेतिकडे ठिगळं आणि चिंध्या. मीही लिहून टाकलं : 'माझी आई फाटक्या साडीत दुसऱ्यांचे शर्ट नीटनेटके करते.' सरांना वाक्य फार आवडलं. पालकांसमोर वाचायला त्यांनी माझं नाव दिलं.

कौतुकाने मी ते आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"फाटकं? तू कवा बघितलंस?"

"अगं, असंच लिहितात आई."

"कोन लिहितात? त्यांच्या आया नेसत असतील फाटकं! गाळ्यात मला बाया इचारतात, आज कोनाचं लगीन गो? आनि तू भर लोकांत मला फाटकं नेसवतेस? मी नाय यायची तुझ्या कॉलेजात."

बाबा हसले. "ऐक आता, पंडितीणबाई."

मला राग आला. पण दोरीवरची साडी ओढून शोधायला बसले, तर फाटलेलं सापडेना. शेवटी आईनेच बोट ठेवलं. एक नाही, अकरा जागा. आत खोचायच्या टोकातून ती सूत उपसायची आणि त्याच सुताने विणून घ्यायची. रंग तोच, पोत तोच. मी एवढी शिकले आणि आईची कारागिरी मला दिसलीच नव्हती. तिने ती दिसू नये म्हणूनच केली होती, हेही खरं.

सरांना सांगितलं, वाक्य बदलते.

"राहू दे गं. फाटकं लिहिलं की परिणाम होतो."

"होतो सर. पण खोटं आहे."

नवं लिहिण्यात पुढचे दोन रविवार गेले. सूत कसं उपसायचं, तुटलं तर काय, आई सांगत गेली, मी लिहीत गेले. मधेच म्हणायची, "हळू लिव, चुकशील."

वाचनाच्या दिवशी आई तिसऱ्या रांगेत बसली होती. संपल्यावर शेजारच्या बाईंनी तिचा पदर हातात घेऊन निरखला. तिने घेऊ दिला.

त्याच वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. माझ्या प्रकल्पात आईची साडी धड आहे.