कळंबोलीच्या गोदामातलं थिजणारं चित्र

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात क्रेनवर कॅमेरा बसवायचं काम माझ्याकडे आलं. ऑपरेटर खाली केबिनमध्ये बसून पडद्यावर हुक बघणार होते. क्रेन सारखी फिरणारी, केबल टिकेना, म्हणून मिलिमीटर लहरींची, म्हणजे फार आखूड रेडिओ लहरींची, वायरलेस लिंक लावायचं ठरलं. पनवेलच्या आमच्या ऑफिसात ती झकास चालली. गोदामात मात्र घडीघडी चित्र थिजायचं.

ऑपरेटर गव्हाणचे, पन्नाशीतले. चित्र थिजलं की क्रेन थांबवायचे आणि माझ्याकडे नुसते बघायचे. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

कारण मला माहीत होतं. गोदामात रचलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्यांवर आपटून परतलेली लहर सरळ येणाऱ्या लहरीत मिसळायची. कधी तिला बळ द्यायची, कधी पार पुसून टाकायची. ऑफिसात साहेबांना फोन केला.

"पॉवर वाढव," ते म्हणाले.

"सर, त्याने परतणारी लहरही तेवढीच वाढेल. चित्र पकडायला आणखी एक रिसीव्हर द्या."

"आधी वाढवून तर बघ."

वाढवली. काडीचाही फरक नाही. अँटेनाचं तोंड फिरवलं, तेही फुकट. माल दुसरीकडे लावून तिथेच ठेवता येईल का, असं विचारलं तर गोदामाचे मॅनेजर हसले. "मॅडम, लोखंड हलवायचंच नाही, तर गोदाम कशाला?"

भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली शिडीवर उभी राहून रिसीव्हरचे स्क्रू पिळताना मला रडू फुटलं. खाली शिडी धरून ऑपरेटर उभे होते.

"मॅडम, मगाशी तुमी डबी जरा वर धरली तवा चित्र आलं. खाली केली, गेलं. दोन लावा ना. दोनी एकदम नाय जानार."

आठवडाभर मी तेच तर मागत होते!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला रिसीव्हर न विचारता उचलला आणि पहिल्याच्या वीतभर वर बसवला. ज्याच्याकडे सिग्नल चांगला, त्याचं चित्र पडद्यावर. थिजणं जवळजवळ थांबलं. पार गेलं नाही, पण क्रेन चालू राहिली.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'पॉवर वाढवून दोष दूर केला.' वर मला म्हणाले, "तो रिसीव्हर काढून आण, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचाय."

"नाही आणणार," मी म्हटलं.

रिसीव्हर तिथेच राहिला. साहेबांशी मात्र माझं पुढे कधी जमलं नाही.