समोरच्या बाजूचे व्याही

भांडणात नेहमी समोरच्याचीच बाजू घेणारा माणूस उभ्या खानदेशात एकच जन्माला आला असावा, आणि तो आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. मुलीच्या बापाला याहून मोठं भाग्य कोणतं, असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. सुपारी फोडायच्या बैठकीला मी चांगली तयारी करून बसलो होतो. उभा जन्म मराठी शाळेत मास्तरकी केलेली, त्यामुळे मुद्दे क्रमाने मांडायची सवय. मुलाचे काका म्हणाले, लग्न गावाकडे, नवरदेवाच्या दारातच होईल. मी घसा साफ करतोय तोवर मुलाचे वडीलच म्हणाले, "अरे, त्या डिंडोलीमा ऱ्हातस, आपन नवागामला. आख्खासनी गावले कसाले जावानं? त्यासनं बी बरोबर शे." दोघंही सुरतेतच राहतो, तर सगळ्यांनी गावाला कशाला जायचं, त्यांचंही बरोबर आहे! पुढे वऱ्हाड किती आणायचं, बॅण्ड कुणी सांगायचा, मानपान कुणाचा किती, प्रत्येक बाबतीत हे गृहस्थ आमच्या वतीने स्वतःच्या भावाशी असे काही भांडले की काका पान खायला म्हणून जे उठले ते पंगतीलाच परत आले. माझे मुद्दे तसेच राहिले. थोडंसं वाईटही वाटलं, कारण त्यांतले दोन-तीन खरोखर चांगले होते.

नंतर कळलं की हा आमच्यावरचा खास लोभ नव्हता, हा स्वभावच होता. व्याही लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मास्टर होते. एकदा कारीगरांनी दर वाढवून मागितला, काम बंद केलं आणि यांना बोलणी करायला शेठकडे पाठवलं. हे तासाभराने आले ते शेठच्या अडचणी सांगत. सूत महागलं, माल पडून आहे, माणूस तरी काय करणार! कारीगर चिडले. शेठला वाटलं, मास्टर आपल्या बाजूचा झाला, म्हणून त्याने यांनाच कारीगरांकडे पाठवलं. हे तिथे बसले, चहा प्यायले, आणि शेठकडे परत गेले ते कारीगरांची बाजू घेऊन. असं येणंजाणं चाललं आणि शेवटी दोन्ही बाजू इतक्या वैतागल्या की यांना बाजूला ठेवून त्यांनी आपापसांत मिटवून टाकलं. एकदा रिक्षाने यांच्या स्कूटरला धडक दिली. लोक जमले, रिक्षावाल्याला धरलं, आणि रस्त्यावर पडल्या पडल्या व्याही म्हणताहेत, "सोडा त्याले, मीच आडवा व्हयनू." गुडघ्यातून रक्त चाललेलं. रिक्षावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने यांना दवाखान्यात नेलं, आणि आजही तो सणासुदीला फाफडा-जलेबी घेऊन घरी येतो.

या सगळ्याचा जाच कुणाला झाला असेल तर आमच्या विहीणबाईंना. मेथीची जुडी बारीक आहे म्हणून त्या भाजीवालीशी घासाघीस करायला लागल्या की हे गॅलरीतून ओरडतात, उन्हातान्हात ती बिचारी बसते, तिचंही बघायला नको का? सासू होती तोवर सासूची बाजू, नणंद आली की नणंदेची, सून आली तेव्हापासून सुनेची. सून म्हणजे माझी लेक, त्यामुळे मला याविरुद्ध बोलता येत नाही. विहीणबाई एकदा आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "जग दुनियानी बाजू लेतस हो. एक मनीच बाजू त्यासले सापडनी नही." एक माझीच बाजू सापडली नाही, हे त्या हसतच म्हणाल्या, पण आमच्या बायकोने घरी आल्यावर ते मला दोनदा सांगितलं.

विहीणबाईंचं माहेर शहाद्याकडे, तापीच्या अगदी काठावर. आषाढात तापीचा वाढदिवस येतो, त्या सप्तमीला नदीत उतरून आंघोळ करायची, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. लग्न होऊन सुरतेला आल्यावर त्यांना एकाच गोष्टीचं सुख वाटलं होतं, की माहेरची नदी पाठोपाठ इथपर्यंत आलीय. सुरतेत सप्तमीला तापीमातेला चुंदडी, म्हणजे लांबलचक साडी, चढवतात, आरत्या होतात, आणि त्या गर्दीत विहीणबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गावाकडची गाणी पुटपुटायच्या. पुढे घाटावर जलकुंभीचा, म्हणजे आपल्या जलपर्णीचा, हिरवा थर साचायला लागला, कुठून कुठून काळं पाणी येऊन मिळायला लागलं. एका वर्षी त्या उतरल्या आणि महिनाभर पाय खाजवत बसल्या. तेव्हापासून त्या घरून नळाचं पाणी बादलीत नेतात, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या राहतात आणि तेच अंगावर घेतात. मी ते एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या दिवशी घाटावर जायचं नाही असं ठरवलं.

नदीसाठी आमच्या भागात एक छोटं मंडळ आहे. एक निवृत्त शिक्षिका ते चालवतात, त्यांना सगळे नुसतं बेन म्हणतात. व्याही या मंडळात कसे शिरले ते कळलं नाही, पण नदी साफ करा म्हणून काढलेल्या अर्जावर सर्वांत जास्त सह्या त्यांनीच आणल्या. कुणी म्हणालं, सह्या करून काही होत नाही, की हे म्हणणार, बरोबर आहे तुमचं. तो माणूस अर्धा तास मनातलं सगळं बोलायचा आणि मग निव्वळ संकोचापोटी सही करायचा. म्हणून गांधीनगरला नदीचं खातं बघणाऱ्या सरकारी साहेबांची वेळ मिळाली तेव्हा यांना टाळणं बेनना शक्य नव्हतं. मला घेतलं ते यांना आवरायला. निघताना विहीणबाईंनी दारात बजावलं, "तठे जाईसन त्या सायेबनंच बरोबर शे असं म्हनू नका." व्याह्यांनी मान हलवली. ती कुणासमोरही हलते, त्यामुळे मी काही तिच्यावर विसंबलो नाही.

भाड्याच्या गाडीत बेननी तालीम घेतली. फोटो कोण दाखवणार, कागद कोण देणार, मागणी कोण मांडणार. मागणी साधी होती: साहेबांनी स्वतः येऊन घाट बघावा. व्याह्यांना त्या म्हणाल्या, "काका, तमारे खाली बेसवानुं." नुसतं बसायचं. व्याही म्हणाले, बराबर छे. भरूचला चहाला थांबलो तिथे त्यांनी टपरीवाल्याची बाजू घेऊन आमच्याच ड्रायव्हरशी वाद घातला, तेव्हा बेननी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो बघितले आणि मग शांतपणे आपलं सांगायला लागले. योजना आहे, कागद पुढे गेलेत, मंजुरीला वेळ लागतो. जलकुंभी काढली तरी पुन्हा येते. कारखाने बंद करा म्हटलं तर माणसं जातील कुठे? आणि लोक तरी काय कमी आहेत, हार, मूर्ती, साड्या, सगळं नदीतच टाकतात. प्रत्येक वाक्याला व्याह्यांची मान हलत होती. बेनचा चेहरा पडत चालला. साहेब घड्याळाकडे बघून उठणार, एवढ्यात व्याही म्हणाले, "साहेब, आपनी वात बराबर छे."

मी डोळे मिटून घेतले. ते त्यांच्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत बोलत होते, मी आपल्या भाषेत सांगतो. "तुमचं बरोबर आहे, साहेब. कारखान्यावर माझंही पोट चाललं, तेव्हा शेठचंही बरोबर आहे. सोसायट्यांचं पाणी कुठेतरी जाणारच, त्यांचंही बरोबर. चुंदडी आम्हीच चढवतो, श्रद्धा आहे, तेही बरोबर. मी जन्मभर हेच करत आलो. ज्याच्यासमोर बसलो त्याचं मला पटलं. पण घरी बायको आहे. सप्तमीला ती पाण्यात उतरायची. आता बादली घेऊन पायरीवर उभी राहते. ती काही बोलत नाही. सगळ्यांचं बरोबर असेल, तर मग तिचं काय चुकलं? मी खूप शोधलं, साहेब. मला नाही सापडलं. तुम्हाला सापडलं तर सांगा."

अर्धवट उठलेले साहेब पुन्हा खाली बसले. त्यांनी विचारलं, सप्तमी केव्हा असते? बेननी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, येऊन बघतो. गाडीत बसल्यावर बेनना राहवेना. "काका, आ वात पहेलां केम न करी?" हे आधीच का नाही बोललात! व्याही खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तमारुं पण बराबर छे, बेन." थोड्या वेळाने त्यांनी माझा हात दाबला. "याही, घर काही सांगू नका. सायेब उना नही तं ती आशा लाईसन बशी." साहेब आले नाहीत तर ती उगाच आशा लावून बसेल, म्हणून. घरी विहीणबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?" हे म्हणाले, सायेब भला मानूस शे, त्यानं बी बरोबर शे. विहीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि आत निघून गेल्या. मला त्या क्षणी माझ्या व्याह्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की चहा न घेताच मी उठलो.

सप्तमी आली. साहेब आले नाहीत. ठरवलेलं मोडून मी या वेळी घाटावर गेलो. जलकुंभी तशीच होती, उलट जास्तच. विहीणबाई बादली घेऊन पायरीवर उभ्या होत्या आणि व्याही वर नारळवाल्याजवळ बसून त्याची कसलीशी तक्रार ऐकत होते. मला राहवलं नाही. मी खाली गेलो आणि गांधीनगरला काय काय झालं ते शब्दन् शब्द विहीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी बादली खाली ठेवली. "मनी बाजू लिधी त्यास्नी?" मी हो म्हणालो. "सायेबनी पुढे?" मी पुन्हा हो म्हणालो. त्या कितीतरी वेळ वर, नारळवाल्याकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि बादलीतलं पाणी अंगावर न घेता नदीकडे ओतलं.

बेन म्हणतात, दिवाळीनंतर पुन्हा गांधीनगरला जाऊ. या खेपेला विहीणबाईही येणार आहेत, तसं त्यांनी स्वतःच सांगितलंय, आणि व्याही आतापासून म्हणताहेत की साहेबांनाही कामं असतात. आम्ही सगळे आता पिकली पानं. अजून किती सप्तम्या आमच्या वाट्याला आहेत, कुणी सांगावं. त्यांतल्या एका तरी सप्तमीला विहीणबाई गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मला दिसाव्यात आणि काठावर त्यांच्या चपला हातात धरून माझे व्याही उभे असावेत, एवढंच माझं मागणं आहे.