सेव न केलेली सुनंदा

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी रोज वाचते, आणि खरं सांगू का, पुष्कळदा वाचता वाचता हसते. पिंपळाखालची बाई, उलट्या पायांचा माणूस… माझा यावर कधीच विश्वास नव्हता. बाबांनी दीक्षा घेतली त्या साली घरातले सगळे देव टोपलीत भरून नाल्यात सोडले. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची, यांचं नुसतं नाव काढलं तरी बाबा ताटावरून उठायचे. मी त्यांचीच लेक. म्हणून आता जे सांगणार आहे ते मलाच पटत नाही… पण घडलं आहे.

एक गोष्ट आधी सांगते. आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत बायासुद्धा बोलताना 'मी जातो, मी खातो' असंच म्हणतात. लिहिताना 'जाते, खाते' लिही, असं नातीनं शिकवलं म्हणून तसं लिहिते आहे. हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

आमचं घर गोंदियाला लागूनच, कुडव्याला. पुढच्या खोलीत मुलाचं, राजूचं, गाड्या दुरुस्तीचं दुकान. मागं राजू, सून, नात पिंकी आणि मी. आधी मी दरेकशाला राहत होते. पिंकीचे आजोबा रेल्वेत गँगमन. पुढं रूळ, मागं जंगल. राजूचं लग्न होऊन तो कुडव्याला आला तरी आमची सुनंदा, शेंडेफळ, आमच्याजवळच होती.

सुनंदा रोज सकाळच्या गाडीनं शिकायला गोंदियाला जायची. गाडीची वेळ झाली की मी मागं मागं — डबा घेतला का, ओढणी घे, पाणी घे. ती रुळाकडे पळता पळता ओरडायची, "जाऊन राहिलो ना वं आई!" तिकडं गोंदियात एका सरांनी भर वर्गात विचारलं होतं, 'जातो' काय, तू मुलगा आहेस का? सगळा वर्ग हसला. त्या दिवशी रडत आली. मग बाहेर 'जाते' आणि घरात 'जातो', असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

नव्याण्णव साली ती नागपूरला कॉलेजात गेली. होस्टेलला राहिली. पावसाळ्यात ताप आला, साधा वाटला, आणि डोक्यात चढला. आम्ही पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. कॉलेजचा एकही पेपर तिनं दिला नाही… बस, याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

आता पिंकीचं सांगते. ती बारावी झाली, मार्क चांगले पडले, आणि तिनंही नागपूरचंच नाव काढलं. मी नाही म्हटलं. राजू म्हणाला, आई हो म्हणत असेल तर पाठवतो. आणि आई काही हो म्हणत नव्हती. गोंदियात कॉलेज नाही का, असं मी शंभरदा म्हटलं असेन. पोरगी भांडली नाही, जेवण सोडलं नाही. दुपारभर कूलरसमोर कॉम्प्युटर लावून गेम खेळत बसायची. अॅडमिशनची तारीख जवळ येत होती आणि घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं.

गेम अशी की त्यात माणसं बनवायची. नाक-डोळे आपणच लावायचे, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, नोकरीला पाठवायचं. कोणा मैत्रिणीकडून तिनं त्याचीच एक जास्तीची सीडी आणली होती. ती टाकली की त्या माणसांना कॉलेजात पाठवता यायचं. होस्टेल, वर्ग, पेपर, सगळं. माणसं आपसात बोलायची, पण काय ते कळायचं नाही. मी पिंकीला विचारलं, हे गोंडी बोलून राहिले का? म्हणाली, नाही आजी, ही कोणाचीच भाषा नाही. मग थोड्या वेळानं 'आजी, सेव करू दे' म्हणाली तर मी म्हटलं, शेव कायले, चिवडा आहे ना डब्यात. पुष्कळ दिवसांनी हसली पोरगी. मग समजावून सांगितलं — सेव केलं तर खेळलेलं टिकते. सेव न करता लाइन गेली तर सगळं मागं जाते.

आणि लाइन तर रोजच जायची. तेव्हाचं भारनियमन तुम्हाला आठवत असेल.

एक दिवस मी बघते तर पडद्यावर एक मुलगी. दोन वेण्या, डाव्या गालावर तीळ. वर इंग्रजीत नाव — सुनंदा. भिंतीवरचा फोटो बघून पिंकीनं आत्या बनवली होती. मला राग आला. गेलेल्या माणसाची बाहुली करून खेळतात का? पिंकी एवढंच म्हणाली, "तिचं कॉलेज राहून गेलं ना आजी."

मी तिथंच बसले.

त्या दुपारी पिंकीनं सुनंदाला कॉलेजात पाठवलं. सुनंदा गाडीत बसली आणि लाइन गेली. कूलर बंद, पडदा काळा. पिंकीनं कपाळावर हात मारला, सेव केलं नव्हतं. लाइन आल्यावर लावलं तर घर जसंच्या तसं मागं गेलेलं. तीच सकाळ, ओट्यावर तीच उष्टी ताटं. पण घरात सुनंदा नव्हती. ती कॉलेजात होती.

पिंकी म्हणाली, आपोआप झालं असेल. मीही म्हटलं, असेल बा.

मग पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा. बाकीची माणसं मागं जायची, लावलेली झाडं नाहीशी व्हायची… आणि सुनंदा तेवढी पुढं. बघावं तर तिचा एक पेपर झालेला असायचा. पिंकीनं मुद्दाम सेव न करता गेम बंद करून बघितली, तर सुनंदासुद्धा नीट मागं गेली. लाइन गेली तरच ती पुढं जायची. पिंकीचा चेहरा उतरला. आम्ही दोघी राजूला काही बोललो नाही.

मी म्हटलं, "तिले घरी आण."

पिंकीनं वळून माझ्याकडं बघितलं. "कोणाले आजी? आत्याले का मले?"

तिनं बटण दाबलं, सुनंदा बॅग घेऊन घरी आली, आणि या वेळी पिंकीनं मला दाखवून सेव केलं. तुम्ही हसाल, पण मला बरं वाटलं. सुनंदा घरात हिंडते आहे, स्वयंपाक करते आहे… माझी लेक माझ्या डोळ्यांपुढं आहे. एवढंच तर मला पाहिजे होतं.

पण ती घरात राहिना. पिंकी तिला जेवायला बसवायची, ती ताट टाकून फाटकाशी जाऊन उभी राहायची. पलंगावर निजवली तर उठून फाटकाशी. तोंड रस्त्याकडं. पिंकी म्हणाली, मी काहीच दाबून नाही राहिली आजी, तीच जाते.

अॅडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी पिंकी आत पोहे परतत होती. गेम लावून ठेवलेली, मी एकटीच समोर. सुनंदा फाटकाशी उभी. मी पडद्याला म्हटलं — वेडीच मी — म्हटलं, "ऊन लागते बाई, आत ये."

आणि लाइन गेली. पडदा विझला. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. राजूच्या दुकानातलं मशीन बंद झालं. असं शांत झालं की बाहेर सायकल गेली तिची साखळीसुद्धा ऐकू आली.

तेव्हा माझ्या अगदी जवळून, जरा वैतागलेला, पळता पळता येतो तसा आवाज आला.

"जाऊन राहिलो ना वं आई."

मी हललेच नाही. आतून पिंकी ओरडली, "कुठं जाऊन राहिली आजी, एवढ्या उन्हात?"

तिनंही ऐकलं होतं. बाईचा आवाज आणि 'जाऊन राहिलो' एवढंच तिच्या कानावर पडलं, आणि तिला वाटलं, मीच बोलले. कारण आमच्या घरात तसं बोलणारी बाई आता मी एकटीच. सून रायपूरकडची, हिंदी बोलते. पिंकी 'जाते' म्हणते. दुसरं कोण असणार?

लाइन आली. पिंकीनं गेम लावली. घर होतं, ओटा होता, फाटक होतं. सुनंदा नव्हती. ती कॉलेजात होती, वर्गात बसलेली. पिंकी माझ्याकडं बघत राहिली. सेव करून ठेवलेलं आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

संध्याकाळी राजू हात धूत होता तेव्हा मी त्याला म्हटलं, "पिंकीले जाऊ दे नागपूरले." तो साबणाचे हात घेऊन तसाच उभा राहिला. पिंकी आत रडत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं.

होस्टेलच्या खोलीत मच्छरदाणी मी स्वतः बांधून आले. तिनं सगळे पेपर दिले. आता नोकरी करते. हे लिहायलाही तिनंच लावलं.

राजूला नंतर सांगितलं तेव्हा म्हणाला, स्पीकरमध्ये करंट उरला असेल. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, लाइन गेल्यावर अशी गेम पुढं जाऊच शकत नाही. बरं, गेम बिघडली असेल, मानलं. पण जी भाषा कोणाचीच नाही, त्या गेमला आमची बोली कोणी शिकवली? आणि लाइनच नव्हती तर आवाज कशावर आला? बाबा असते तर मला रागावले असते, आणि मी ऐकूनही घेतलं असतं.

तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. आता लाइनही फारशी जात नाही. पण उन्हाळ्यात कधी दुपारची गेलीच, तर घरातले सगळे कुरकुरत बाहेर सावलीला जातात. मी जात नाही. कूलरचं पातं थांबू देतो… आणि ऐकत बसतो.