वरच्या मजल्याचा राउटर

दुपारचं जेवण झालंय. सोप्यातल्या पलंगावर मी आडवा झालोय. डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्या कुरकुरतात. वर कोणीतरी चालतंय.

वर कोण चालणार? वर माझा धाकटा भाऊ श्रीरंग राहायचा. त्याला जाऊन चौदा दिवस झाले. त्याची बायको कुंदा परसात कपडे धुतेय, बादलीचा आवाज मला इथे येतोय. कालच तेराव्याची माणसं पांगल्यावर तिने मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही खालीच होतात ना? त्यांनी हाक मारली नाही का हो?"

मी म्हणालो, "नाही." खरंच मला ऐकू आली नव्हती. तो गेला त्या दुपारी ती माहेरी होती आणि मी याच पलंगावर मोबाइलवर कुस्ती बघत होतो, आवाज पूर्ण मोठा करून.

श्रीरंग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलाय. अंगात बनियन, गळ्यात निळ्या वायरचं वेटोळं.

"दादा, झोपलास?"

"नाही रे. तू कधी आलास?"

"ते खोकं काढ. ट्रंकेत ठेवलंयस ते."

गेल्या दिवाळीत त्याने दुसरा राउटर आणला. आमचं गाव खोऱ्यात, मोबाइलला रेंज म्हणून नाही. फोन, मेसेज, सगळं खालच्या राउटरच्या वायफायवर चालतं आणि वरच्या खोलीत ते पोचलं तर पोचलं. त्याने फळीला भोक पाडून वायर खाली सोडली, आणि मी घर डोक्यावर घेतलं. एका घरात एकच चूल, एकच देवघर, तसा एकच राउटर! आज दुसरा राउटर, उद्या दुसरी चूल, परवा वाटण्या! मी वायर वर ढकलली, भोकात चिंधी कोंबली आणि खोकं ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. घंटी माझ्या हातात असायची, मी वाजवल्याशिवाय गाडी हलत नसे. घरातही तेच. मोठ्या भावापुढे तो कधीच बोलला नाही.

मी ट्रंक उघडतो. आत आमचा चौथीचा वर्ग आहे. आम्ही दोघं एका बाकावर बसलोय, आणि समोर दोन मास्तर हजेरीचे नंबर वाटतायत. एक मला सात नंबर देतात, दुसरे त्यालाही सातच देतात. पोरं उठून भांडतायत.

"असं होतं बघ," श्रीरंग म्हणतो. "नंबर एकानेच वाटायचे. खालचा वाटेल. वरच्याला वाटू नको म्हणून सांग."

"म्हणजे मोठा खालचाच ना?"

"हो दादा. मोठा खालचाच." तो हसतो. मला रडू फुटतं. एवढंच होतं तर मी का अडवलं?

आता आम्ही विहिरीच्या काठावर आहोत. निळी वायर पाण्यात सोडलेली, आणि खाली पाण्यात आमचा सोपा दिसतोय, पलंगावर मी, हातात मोबाइल. आत कुस्तीच्या हलग्या वाजतायत.

"ओढ," तो म्हणतो. मी ओढतो. वायर येत नाही.

"चिंधी काढ आधी."

मी दोन्ही हातांनी चिंधी उपसतो. निघत नाही, नखं दुखतात. मग एकदम सुटते.

"आता वरच्या राउटरला खोच. वेगळ्या रंगाचं भोक सोडून दे, त्याच्या शेजारच्यात. आणि त्याचा पत्ता बदल, दोघांचा एकच नको. नाव मात्र तेच ठेव, पासवर्डही तोच. म्हणजे वरचा फोन आपोआप धरेल."

"कोणाचा फोन? श्रीरंग, मला सांग, तू हाक मारली होतीस का?"

"पत्ता बदललास?"

"बदलतोय! मारली होतीस का? तुझ्या पाया पडतो, सांग."

तो वायरचं वेटोळं गळ्यातून काढतो, माझ्या हातात देतो. हात गार आहे. "दादा, दिवा हिरवा झाला की बघ," एवढंच म्हणतो.

मी उभा आहे. पायाखाली फळ्या, समोर श्रीरंगची खाट. म्हणजे मी वर आलोय. मुठीत चिंधी, दुसऱ्या हातात माझा मोबाइल. कोनाड्यात नवा राउटर ठेवलाय, त्याचं फोडलेलं खोकं खाली पडलंय, भोकातून निळी वायर वर आलीय. हिरवा दिवा लुकलुकतोय. हे मीच केलं असणार, दुसरं आहे कोण? पण मला तर साधा फोटो पाठवता येत नाही.

खुंटीजवळ श्रीरंगचा फोन चार्जिंगला लावलाय. कुंदा तो कोणाला हलवू देत नाही. फोनच्या कुलपाचा आकडा तिलाही माहीत नाही. तो फोन थरथरतो, आणि माझ्या हातातला वाजतो. एकदा. पुन्हा. पुन्हा.

श्रीरंग. त्या दुपारचे मेसेज.

"दादा जरा वर ये. छातीत दुखतंय"

"कुस्ती संपली की ये"

"दादा"

जिन्यावर पावलं वाजतात. ओले हात पदराला पुसत कुंदा दारात उभी राहते. आधी राउटरकडे बघते, मग माझ्याकडे.

"भाऊजी, काय झालं? रडताय का?"

मी मोबाइल तिच्यापुढे धरतो.

"मारली होती," मी म्हणतो. "त्याने हाक मारली होती."