बंद खोलीतली धुरी

धाकटा भाऊ झाला तेव्हा आम्ही गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो. आईच्या माहेरचं कोणीच कलकत्त्याला येऊ शकलं नाही, म्हणून बाळाचं सगळं ती एकटीच करायची, अगदी आजी करायची तसं. अंघोळ झाली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकून त्याला धुरी द्यायची. तो वास मला फार आवडायचा.

थंडीत एकदा बाळाला वारा लागू नये म्हणून तिने दारं-खिडक्या लावून घेतल्या. धूर कोंडला. बाळ खोकलं, मग त्याचा श्वासच अडकला आणि ओठ निळे पडले. आई त्याला उचलून गॅलरीत धावली. मोकळ्या हवेत ते एकदाचं रडलं, तेव्हा आम्हीही रडलो.

बंगाली डॉक्टर आले, ते खोलीत शिरताच खोकले. एवढ्याशा छातीला हा धूर सोसत नाही, असं त्यांनी आईला हिंदीत सुनावलं. आजीच्या कोकणातल्या घरात धूर कौलांतून निघून जायचा. इथे वर स्लॅब आहे, हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांचं बरोबर होतं, तरी मला त्यांचा राग आला.

धुरी बंद झाली. पण बाळ निजलं की आई शेगडी गॅलरीत न्यायची, मागे दार ओढून घ्यायची आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायची. बाळ तर आत आहे, मग धुरी कोणाला, असं मी एकदा विचारलं.

"मला," आई म्हणाली.