बाणमावशीचे बावीस खांब

सगळी वस्ती तिला बाणमावशी म्हणायची. जंगलातल्या पायवाटांवर जिथे जिथे फाटा फुटतो तिथे एक लाकडी खांब, खांबावर पाटी, पाटीवर पिवळा बाण. आणि हे बावीसच्या बावीस बाण गेली सव्वीस वर्षं तिच्याच हातचे. अंगाने किडकिडीत, जिभेने तिखट. कुणी वाट चुकलं तर चुकणाऱ्यालाच झापायची, "बाण काय शोभेला काढलाय मी?"

दरवर्षी पाट्या उतरवून रंगवायच्या. वनखात्याचा नियम होता, एका वेळी पाचच उतरवायच्या आणि तेवढे दिवस ती वाट बंद ठेवायची. पण नियम करणाऱ्याने जन्मात ब्रश धरला नव्हता, असं मावशीचं ठाम मत. पिवळ्या रंगाचा प्रत्येक डबा वेगळा निघतो. एक बाण लख्ख आणि पुढचा कावीळ झाल्यासारखा, हे तिला खपत नसे. म्हणून या खेपेला तिने सगळे डबे एकाच बादलीत ओतले आणि बावीस पाट्या उतरवून जंगलाच्या कडेला आपल्या शेडमध्ये ओळीने मांडल्या. रेंजर साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, मग उगाच त्यांचं न ऐकल्यासारखं झालं असतं.

मंगळवारी सकाळी अकराला ती दुसरा हात मारत होती आणि नाकात धूर शिरला. बाहेर येऊन बघते तो पश्चिमेच्या डोंगरामागून धुराचा लोट उठलेला, आणि वारा त्याला थेट वस्तीकडे ढकलतोय! भोंगा वाजला. मावशीने ब्रश टाकला आणि रेंज ऑफिसकडे धूम ठोकली. धावताना तिला धास्ती होती ती आगीची नव्हती. तिची सून वाटाड्याचं काम करायची, आणि सकाळीच ती नऊ पाहुण्यांना घेऊन वर गेली होती.

सासू-सुनेचं तसं बरं चाललं होतं. आमटीत मीठ दोघीही घालायच्या आणि खारट झाली की दोघीही गप्प बसायच्या, एवढंच. पण सून मोबाईलवरचा नकाशा बघून चालणारी. पाट्यांकडे तिचं फारसं लक्ष नसे, याचा मावशीला राग होता.

ऑफिसात पोचली तर साहेब वॉकीटॉकीवर ओरडत होते. डोंगरावरचा मोबाईलचा टॉवर सगळ्यात आधी गेला होता. नकाशा बंद.

"वर येणारी वाट पेटलीय, त्या वाटेने परत फिरू नका!" साहेब म्हणाले. "तलावाकडे उतरा! पाट्या बघत या, ओव्हर."

खरखर झाली आणि सुनेचा आवाज आला, "साहेब, पाट्या नाहीत. नुसते खांब आहेत."

साहेबांनी मान वळवून मावशीकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पिवळा रंग होता. सांगायला काही उरलंच नव्हतं.

"सगळ्या?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्या," मावशी म्हणाली आणि वॉकीटॉकी त्यांच्या हातातून ओढून घेतला. "अगं ए! खांब दिसतोय ना? वरच्या अंगाला बघ. किती खिळे?"

"आई? दोन. एक वाकडा."

"वाकडा मीच ठोकलाय, हातोडा निसटला होता माझा. तो सातवा. खांबाकडे तोंड करून उभी राहा आणि उजव्या हाताची वाट धर. पळा!"

"आई, ओव्हर म्हणायचं."

"ओव्हर गेलं खड्ड्यात! पळा म्हटलं ना!"

आणि मग जे सुरू झालं ते त्या ऑफिसातल्या लोकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खांबाला चीर? तो नववा, डावीकडे. बुंध्याशी दगडांची रास? अकरावा, सरळ, झऱ्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. मावशी डोळे मिटून उभी होती आणि पिवळ्या बोटाने हवेत वळणं घेत होती. बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना जन्मभर नावं ठेवली, आणि आज स्वतःच त्या उंटावर बसली होती. बाहेर वाहनं भरत होती, खालची आळी रिकामी होत होती, कुणी गादी उचलत होतं, कुणी मांजर शोधत होतं. आगीने जंगलाच्या कडेचा नाला ओलांडला.

"मावशी, तुमची शेड पेटली!" ड्रायव्हर दारातून ओरडला.

"जळू दे," मावशी म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "बोल गं. पुढचा खांब?"

"नवा दिसतोय. गुळगुळीत. एकही खिळा नाही, चार नटबोल्ट आहेत."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी दरड पडून तो खांब गेला होता. ती तापाने फणफणली होती तेव्हा खात्याच्या माणसांनी नवा उभा केला, आणि वाटही थोडी वळवली. त्या खांबाची आणि तिची ओळखच नव्हती. पाटी उतरवायला गेली तेव्हा बोल्ट खोलण्याच्या खटपटीत वाटेकडे बघितलंही नव्हतं. ऑफिसातल्या कुणालाही सांगता येईना.

"आई? धूर फार आहे. एक बाई खोकतायत. डावी का उजवी?"

ठोकून दिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण खोट्या बाणाइतकी वाईट गोष्ट जगात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. तिथे काय दिसतंय ते सांग."

मग सून ओरडली, "ससे! आई, ससे चाललेत. पाच-सहा. सगळे उजवीकडे उतरतायत!"

"मग बघतेस काय? सशांच्या मागे जा!"

त्यानंतर वॉकीटॉकी गप्प झाला. मावशीने हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी ओव्हरसुद्धा म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, आता इथून निघायला हवं. ती म्हणाली, जायचं तर तलावाकडे. गाडी तलावाकडे वळली. पस्तीस मिनिटं ती पाण्याच्या काठाला, पंपघरासमोर उभी होती. पाचावर धारण बसली होती, आणि ते लपवण्यासाठी ती ड्रायव्हरला गाडी नीट लावली नाही म्हणून झापत होती.

मग झुडपं हलली. एक, दोन, तीन... नऊ माणसं, काजळीने तोंडं काळी, आणि सगळ्यात शेवटी सून. खोकणाऱ्या बाईची पिशवी तिच्या खांद्यावर.

मावशीच्या जिवात जीव आला आणि ती आधी साहेबांकडेच वळली. "पाट्या मी काढल्या. हिचा काही संबंध नाही. माझी नोकरी घ्या."

"आहे संबंध," सून धापा टाकत म्हणाली. "साहेब, परवा तुम्ही मला विचारलंत ना, मावशी पाच-पाचच काढतायत का? मी हो म्हणाले. खोटं बोलले मी. शेडमध्ये बावीसच्या बावीस मी मोजल्या होत्या. मोबाईल आहे, चालेल, म्हटलं."

मावशी गर्रकन तिच्याकडे वळली. "कशाला खोटं बोललीस?"

"तुम्हाला ओरडले असते ते," सून म्हणाली.

सव्वीस वर्षं अख्ख्या वस्तीला झापणारी ती बाई मटकन खाली बसली आणि नऊ परक्या माणसांसमोर हमसून हमसून रडली. साहेबांनी पाठ फिरवली आणि माणसं पुन्हा एकदा मोजायला घेतली.